उंबऱ्याच्या आतली तार

आजचा विषय तसा रोजच्या वापरातला आहे. घरात इंटरनेटची तार येते, टीव्हीजवळ एक डबी बसते, तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकतात आणि घरातल्या मोबाइलवर नेट चालू होतं. ही डबी आता गावोगाव पोचू लागली आहे. कोणी तिला वायफाय म्हणतं, कोणी राउटर, तर कोणी नुसतंच 'ते नेटचं'. ही तार आपल्या दारापर्यंत आली कशी? ती आणणाऱ्या कंपन्यांना उंबऱ्याच्या आत कोणता धंदा दिसला? आणि त्या धंद्यात बचत गटातल्या बायांना जागा आहे का? हा इतिहास आम्ही आज सांगणार आहोत. तो ऐकला की पुढे कोणी कागद घेऊन दारात आलं, तर काय विचारायचं ते आपल्याला कळेल.

आधी विजेचं उदाहरण घेऊ. खांबावरून मीटरपर्यंतची तार वीज कंपनीची. मीटरच्या पुढचा बोर्ड, बटणं, पंखा, देवघरातला दिवा हे सगळं आपलं. तिथं बिघडलं तर आपण वायरमनला बोलावतो आणि त्याची मजुरी देतो. नळाचंही तसंच. मोठी पाइपलाइन ग्रामपंचायतीची, घरातल्या तोट्या आपल्या. म्हणजे कुठंतरी एक रेघ असते. रेघेच्या अलीकडे एकाची जबाबदारी, पलीकडे दुसऱ्याची. टेलिफोनच्या बाबतीत ही रेघ कुठं मारायची, यावरून फार वर्षं ओढाताण चालली.

आतलं यंत्रही खात्याचंच

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली, अमेरिकेत. सुरुवातीला एका घरचा फोन दुसऱ्या घराला जोडून द्यायला माणूस लागायचा. त्या कामावर आधी मुलं ठेवली होती, पण ती गिऱ्हाइकांशी उर्मटपणे बोलत. म्हणून १८७८ साली बोस्टन शहरात एमा नट या बाईंना कामावर घेतलं. जगातल्या त्या पहिल्या महिला टेलिफोन ऑपरेटर मानल्या जातात. पुढं तर हे काम बायांचंच होऊन गेलं. लक्षात घ्या, तारेच्या धंद्यात बायका पहिल्यापासून आहेत.

आपल्या देशात कोलकाता, मुंबई आणि मद्रास इथं टेलिफोनची एक्स्चेंज सुरू झाली जानेवारी १८८२ मध्ये. फोन घेणारे होते व्यापारी, मोठ्या पेढ्या आणि सरकारी साहेब. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली बंगळूरला सरकारी कारखाना निघाला आणि फोन देशातच बनू लागले. पण फोन मिळणं सोपं नव्हतं. अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. फोन आलाच तर तार खात्याची, घरातलं काळं यंत्रही खात्याचंच. बिघडलं की लाइनमनची वाट पाहायची. परगावी बोलायला ट्रंक कॉल लावायचा. नंबर फिरवून थेट परगावी बोलण्याची सोय पहिल्यांदा झाली ती १९६० साली, लखनऊ आणि कानपूर या दोन शहरांमध्ये.

अमेरिकेतही तीच गत होती. तिथल्या मोठ्या टेलिफोन कंपनीचा नियम होता की आमच्या तारेला आमच्याच वस्तू जोडायच्या. बोलणं शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून फोनच्या तोंडाला लावायची वाटीसारखी एक वस्तू निघाली, तर तिलाही कंपनीनं हरकत घेतली. १९५६ साली न्यायालयानं वाटीवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला. नंतर टेक्सास राज्यातल्या टॉम कार्टर यांनी एक यंत्र काढलं. रानात, तेलविहिरींवर काम करणाऱ्या माणसाच्या बिनतारी संचाला ते गावातल्या टेलिफोनशी जोडत असे. कंपनी पुन्हा आडवी आली. १९६८ साली तिथल्या दळणवळण आयोगानं सांगितलं की तारेचं नुकसान होत नसेल, तर गिऱ्हाइकानं आपलं यंत्र जोडायला हरकत नाही.

हा निकाल आपल्या कामाचा आहे. त्यामुळं घराच्या आत रेघ पडली. बाहेरची तार कंपनीची, आतली वस्तू गिऱ्हाइकाची. मग फॅक्स आले, मोडेम आले, आणि त्या मोडेमच्या वाटेनं घरात इंटरनेट आलं.

पिवळी पाटी आणि फोनवाल्या बाया

आपल्याकडे खेड्यातला फोन खऱ्या अर्थानं आला १९८० नंतरच्या दशकात. १९८४ साली केंद्र सरकारनं सी-डॉट ही संशोधन संस्था काढली. सॅम पित्रोदा त्यामागचं मोठं नाव. या संस्थेनं खेड्यासाठी १२८ लाइनींचं छोटं एक्स्चेंज तयार केलं. परदेशी यंत्रांना थंडगार खोली लागायची. हे आपल्या धुळीत आणि उन्हाळ्यात चालायचं. राणी चेन्नम्मांच्या कित्तूरला, कर्नाटकात, १९८६ साली असं एक्स्चेंज बसलं.

त्याच सुमाराला रस्तोरस्ती पिवळ्या पाट्या दिसू लागल्या. एसटीडी, आयएसडी, पीसीओ. एक फोन, एक मीटर, काचेची खोली. बोलणारा पैसे द्यायचा आणि त्यातलं कमिशन बूथवाल्याला मिळायचं. अपंग माणसांनाही बूथ दिले गेले आणि त्यावर कित्येक घरं चालली.

बांगलादेशात १९९७ पासून याच वाटेनं एक मोठा प्रयोग झाला. ग्रामीण बँकेच्या गटातल्या बाईनं कर्ज काढून मोबाइल घ्यायचा आणि गावाला मिनिटाच्या हिशेबानं बोलायला द्यायचा. आखातात गेलेल्या मुलाशी आई त्याच फोनवर बोलायची, शेतकरी बाजारभाव विचारायचा. या बायांना 'फोनवाल्या बाया' म्हणून मान मिळाला आणि चांगली कमाई झाली. पण पुढं मोबाइल स्वस्त झाला, ज्याच्या त्याच्या हातात आला. फोनवाल्या बाईकडं कशाला कोण जाईल? कमाई घसरत गेली. आपल्याकडच्या पिवळ्या पाट्याही अशाच उतरल्या.

यातून आम्ही एक धडा घेतो. जोडणी विकणारीचा धंदा जोडणी घरोघर झाली की बसतो. पण जोडणी झाल्यावर जी नड निर्माण होते, ती भागवणारीचा धंदा तिथून सुरू होतो. शिलाई मशीन घरोघर झाली, म्हणून मशीन दुरुस्त करणारा काही रिकामा बसला नाही.

केबलवाला, मोडेम आणि बिनतारी डबी

दुसरी तार आली टीव्हीची. १९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्यांनी केबलचं वेड लागलं. गल्लीतल्या पोरांनी गच्चीवर छत्री बसवली आणि खांबाखांबावरून तार ओढून घरोघर चॅनेल दिले. १९९५ साली त्यासाठी कायदा झाला. हे केबलवाले कोणी मोठे इंजिनिअर नव्हते. त्यांची ताकद एकच होती, ओळख. कोणाच्या घरात टीव्ही कुठं आहे आणि कोण महिन्याच्या कितव्या तारखेला पैसे देतं, हे त्यांना तोंडपाठ असे.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. ते टेलिफोनच्या तारेवरूनच यायचं. नेट चालू असेपर्यंत फोन बंद, आणि वेग बैलगाडीचा. २००४ साली सरकारनं ब्रॉडबँडचं धोरण आणलं. तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. २०२३ पासून २ एमबीपीएस ही किमान अट आहे, म्हणजे जवळजवळ आठपट. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलनं तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड सुरू केलं. त्याच महिन्यात २.४ गिगाहर्ट्झची बिनतारी लहरपट्टी सरकारनं परवानामुक्त केली. घरच्या वायफायला रेडिओसारखा परवाना लागत नाही, तो यामुळं.

वायफायचे तांत्रिक नियम १९९७ साली ठरले आणि हे नाव १९९९ साली मिळालं. या कामातही बायांचा हात आहे. दुसऱ्या महायुद्धात सिनेनटी हेडी लमार यांनी एका संगीतकाराच्या साथीनं, संदेश एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारत पाठवायची युक्ती शोधली आणि १९४२ साली तिचं पेटंट घेतलं. त्याच जातीची युक्ती वायफायच्या पहिल्या नियमांत होती. अनेक तारा एकमेकींना जोडल्यावर संदेश गरगर फिरत राहू नये, यासाठीची रीत १९८५ च्या सुमाराला रेडिया पर्लमन या बाईंनी बसवली. ती आजही जाळ्यांमध्ये वापरतात.

कंपन्यांना घरात काय दिसलं

सुरुवातीला परदेशात काही कंपन्यांना घरातलं जाळं नकोच होतं. एक जोडणी, एक संगणक, असा त्यांचा हिशेब. मग बोलण्याचे दर घसरले आणि नुसत्या फोनवर कमाई होईना. तेव्हा त्यांचं लक्ष उंबऱ्याच्या आत गेलं. फ्रान्समध्ये २००२ साली फ्री या कंपनीनं एकच डबी दिली. तीत इंटरनेट, फोन आणि टीव्ही, महिना ३० युरोच्या आत. इतर कंपन्यांनाही मग त्याच रस्त्यानं जावं लागलं.

कंपन्यांना आणखी एक गोष्ट कळली. गिऱ्हाईक तक्रार करतं की 'नेट चालत नाही'. माणूस जाऊन बघतो तर बाहेरची तार ठणठणीत. घोटाळा घरातच असतो. डबी कपाटामागं कोंबलेली, मध्ये दगडी भिंत, वर पत्रा, एखादी पिन सैल, नाहीतर पासवर्ड विसरलेला. प्रत्येक वेळी माणूस पाठवायचा खर्च मोठा. म्हणून २००४ साली एक नियमावली आली, जिच्या आधारे कंपनी आपल्या घरातली डबी दुरूनच तपासू आणि दुरुस्त करू शकते. म्हणजे ही डबी आपल्या घरात असली तरी तिची एक किल्ली कंपनीकडं असते. हे माहीत असलेलं बरं.

त्यातून घरच्या जाळ्याची सेवा हा वेगळा धंदा उभा राहिला. तार ओढणं, डबी योग्य जागी बसवणं, मागच्या खोलीसाठी दुसरी डबी देणं, टीव्ही आणि कॅमेरा जोडून देणं, मुलांसाठी नको त्या साइट बंद करणं, आणि दर महिन्याला थोडे पैसे घेऊन हे सगळं चालू ठेवणं. जी कंपनी हे नीट करते, तिचं गिऱ्हाईक सहसा दुसरीकडं जात नाही.

आपल्याकडे २०१६ नंतर मोबाइलचं नेट एकदम स्वस्त झालं. पण २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा मोबाइलवर आली आणि एका मोबाइलवर तीन मुलं बसेनात. घरच्या पक्क्या तारेची गरज तेव्हा खेड्यालाही कळली.

पंचायतीपर्यंत आलेली काच

आताची नवी तार तांब्याची नाही, काचेची आहे. केसासारख्या बारीक काचेच्या धाग्यातून उजेड धावतो. तांब्यावर अंतर वाढलं की वेग पडायचा. काचेवर एक्स्चेंजपासून वीसेक किलोमीटरपर्यंत घर असलं तरी चालतं. पण एक उणं आहे. जुन्या फोनला एक्स्चेंजमधूनच तारेतून वीज यायची, म्हणून घरची लाइट गेली तरी फोन चालायचा. काचेतून वीज येत नाही. लाइट गेली की डबी बंद. भारनियमनाच्या गावात छोटी बॅटरी हा चैनीचा भाग नाही, गरजेचा आहे.

ही काच प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत न्यायची, असं केंद्र सरकारनं २०११ साली ठरवलं. अडीच लाख पंचायतींची ती योजना. पुढं तिचं नाव भारतनेट झालं. काम रखडत चाललं. पुष्कळ ठिकाणी तार पंचायतीत पोचली, पण पंचायतीतून वाडीवस्तीवर न्यायची कोणी आणि बिघडली तर बघायची कोणी, हा प्रश्न राहिला. पुन्हा तीच रेघ.

या प्रश्नावर आपल्या महाराष्ट्रात चांगलं काम झालं. आयआयटी मुंबईच्या लोकांनी 'ग्राममार्ग' नावाचा प्रकल्प पालघर जिल्ह्यातल्या गावांत केला. टीव्हीच्या लहरींमधली मोकळी जागा वापरून त्यांनी गावांना बिनतारी इंटरनेट दिलं. त्या पट्टीतल्या लहरी लांब जातात आणि झाडाझुडपांतूनही बऱ्यापैकी पोचतात. प्राध्यापक अभय करंदीकर आणि संशोधक सर्बानी बॅनर्जी बेलूर ही त्यातली प्रमुख नावं. २०१७ साली या प्रकल्पाला मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळालं. त्यांचं म्हणणं होतं की सरकार आणि कंपनी यांच्यासोबत पंचायत हवी, आणि जाळं सांभाळायला गावातलाच माणूस हवा.

सरकारच्या धोरणातही हेच आलं. डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजनेला मंजुरी मिळाली. तीत किराणा दुकान, चहाची टपरी, पिठाची गिरणी, कोणीही वायफाय लावून विकू शकतं. त्याला परवाना नको, फी नको. एक प्रकारे जुनी पिवळी पाटीच नव्या रूपात आली. पण दुकानदाराला कंपनीकडून मिळणारी जोडणी महाग पडायची. २०२५ साली ट्राय या नियामक संस्थेनं मर्यादा घातली. २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. आणि २०२३ साली भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमाला सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. त्यात घरोघर जोडणी द्यायला आणि सांभाळायला गावपातळीवरचे उद्योजक घेऊन कमाईत वाटा द्यायची पद्धत आहे.

मग आपलं काय?

आता खरा मुद्दा. हा गावपातळीवरचा उद्योजक म्हटलं की डोळ्यांपुढं मोटारसायकलवरचा पोरगाच का यावा? खांबावर चढायचं काम एखादा पोरगा करेल. पण उंबऱ्याच्या आतलं काम? दुपारी घरात बाईच असते. अनोळखी माणूस माजघरात घ्यायला ती कचरते, मग डबी ओसरीवरच बसते. वायफायला पत्रा, दगडी भिंत, पाण्याची टाकी आडवी येते. ओसरीवर चार बार आणि स्वयंपाकघरात शून्य, असं होतं. घरात बाई शिरली तर ती डबी मधल्या खोलीत, उंचावर, मोकळ्या जागी बसवेल आणि चुलीपाशी उभी राहून रेंज तपासेल.

हे आम्ही गमतीनं म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाचव्या फेरीत विचारलं होतं की कधी तरी इंटरनेट वापरलं आहे का. ग्रामीण भागात पुरुषांपैकी सुमारे ४९ टक्के 'हो' म्हणाले. बायांपैकी सुमारे २५ टक्के. तार घरात आली म्हणजे ती बाईपर्यंत पोचली असं होत नाही. पासवर्ड कोणाच्या डोक्यात आहे, मोबाइल कोणाच्या खिशात आहे, यावर ते ठरतं. २०१५ पासून 'इंटरनेट साथी' कार्यक्रमात गावच्या बायांनीच बायांना इंटरनेट शिकवलं. बँक सखी घरोघर जातेच आहे. तिच्याच जोडीला वायफाय सखी का नको?

काम काय असेल ते मोजून सांगतो. नव्या जोडणीची नोंद घेणं. डबी बसवणं आणि पासवर्ड बदलून देणं. तो घरातल्या बाईलाही सांगणं. बॅटरी जोडणं. महिन्याचं बिल गोळा करणं. तक्रार आली की आधी घरातलं तपासणं आणि बाहेरचा दोष असेल तरच कंपनीला कळवणं. कंपनीचा फेरा वाचतो, म्हणून त्याचे पैसे मागायला लाजायचं नाही.

पण कागदावर सही करण्याआधी फोनवाल्या बायांची गोष्ट आठवायची. कंपनीचा माणूस आला तर गटानं या गोष्टी विचाराव्यात. वाटा नव्या जोडणीवर एकदाच, की गिऱ्हाईक टिकेल तोवर दर महिन्याला? डबी आणि तार कोणाच्या मालकीची? खांबावरची तार तुटली, वीज पडून डबी जळली, तर भरपाई कोणाकडं? बिल थकलं तर तोटा कोणाचा? प्रशिक्षण कोण देणार आणि त्याचा खर्च कोण करणार? उद्या कंपनीनं करार मोडला तर गिऱ्हाइकांची यादी कोणाकडं राहणार? उत्तरं तोंडी घ्यायची नाहीत, लिहून घ्यायची. आणि गटाचं कर्ज काढून डब्या विकत घेण्याआधी दहा घरं नक्की किती पैसे देतील, हे त्या दहा घरी जाऊन विचारायचं.

पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न प्रत्येक गटानं मांडावा. आपल्या पंचायतीत भारतनेटची तार आली आहे का, ती चालू आहे का, आणि ती सांभाळायचं काम कोणाकडं आहे? उत्तर 'कोणाकडंच नाही' असं आलं, तर समजा की जागा रिकामी आहे. एक्स्चेंजच्या खुर्चीवर एमाबाई बसल्या, त्याआधी ते काम बायांचं आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. त्या बसल्यावर सगळ्यांना वाटू लागलं. तुमच्या ग्रामसभेत काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा, आपण पुढच्या भागात त्यावर बोलू.